आईबरोबर घर घेताना: आधी आईच्या पैशाला नाव द्या

विचारणारे गृहस्थ ४४ वर्षांचे, कोल्हापुरातच नोकरी. आई ७१ वर्षांच्या. वडील चार वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नव्हतं. मंगळवार पेठेतलं वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं जुनं घर विकून ४५ लाख येतील. आईची ८ लाखांची ठेव मोडायची, उरलेले ७ लाख कर्ज काढायचं आणि आर. के. नगरच्या बाजूला ६० लाखांचा टू बीएचके घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचं, असा बेत आहे. त्यांचा प्रश्न असा: "घर कुणाच्या नावावर घ्यावं? बँकेतले म्हणतात आईचं वय जास्त, एकट्याच्या नावावर घ्या. बायको म्हणते माझंही नाव लागू दे. इचलकरंजीची ताई म्हणते मला काय नको, आईला नीट सांभाळ."

मी २६ वर्षं कोल्हापुरात मिळकतीचे दस्त करते. प्रत्येक पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आधी, असे एकत्र घर घेणारे मायलेक माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न नावाचाच असतो. नावाचं आपण बोलूच, पण त्याच्या आधी दोन गोष्टी मिटायला हव्यात. जे घर विकताय ते नक्की कुणाचं, आणि आईचे जे पैसे नव्या घरात जाणार ते कशाचे म्हणून जाणार.

पहिल्या गोष्टीवर तुम्हाला कदाचित वाईट वाटेल. मंगळवार पेठेतलं घर "आईचं" नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे ते घर आई, तुम्ही आणि ताई या तिघांचं, सारख्या वाट्याने. ४५ लाखांतले १५ आईचे, १५ तुमचे, १५ ताईचे. ताईचं लग्न कधी झालं, ती कुठे राहते, याचा यात काही संबंध नाही. प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद करायला गेलात की तिघांची नावं लागतील, आणि खरेदी घेणाऱ्याचा वकील ताईच्या सहीशिवाय पुढं सरकणार नाही.

"ताईला काय नको" हे ताई आज मनापासून म्हणत असतील. तरी मी अशा प्रत्येक भावाला सांगते, की तिला एकटीला विचारा, आईसमोर नको, भावजयीसमोर नको. आपल्याकडे बहिणीनं हक्क सोडला की साडीचोळी करायची आणि विषय संपवायचा अशी रीत आहे. ती रीत मी माझ्या टेबलावर खूप वेळा पाहिली आहे. सही करताना बहीण हसत असते, आणि दहा वर्षांनी तिच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे कमी पडले की तीच सही तिला आठवते. ताईचे १५ लाख तिला द्यायचेच असं मी म्हणत नाही. पण ती जे सोडते आहे त्याचा आकडा तिला तोंडाने सांगा. "ताई, तुझे १५ लाख आहेत" हे वाक्य एकदा घरात बोललं गेलं पाहिजे.

मग दोन वाटा निघतात. ताईनं तिचा वाटा घेतला, तर आईचे १५ आणि तुमचे १५ मिळून ३० होतात आणि आईची ठेव न मोडता कर्ज ७ लाखांऐवजी ३० लाखांचं लागतं. साडेआठ टक्के व्याज धरून १६ वर्षांसाठी हप्ता साधारण २८,६०० रुपये बसतो. ताईनं हक्क सोडला, तर तो आईच्या लाभात सोडावा, तुमच्या लाभात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मग आईचे ३०, तुमचे १५, कर्ज १५, आणि हप्ता निम्मा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं आणि ते कुणाच्या लाभात, हे त्यात नावानिशी लिहिलेलं हवं, नाहीतर राहिलेल्या सगळ्या हिस्सेदारांना ते वाटून जातं असा अर्थ निघतो. आईच्या लाभात सोडल्याने ताईचे पैसे आईच्या छपरात राहतात. उद्या आईच्या माघारी आईच्या हिश्शात ताईचा वारसाहक्क शाबूत असतो. तुमच्या लाभात सोडलं की तिचा हा रस्ता कायमचा बंद.

तुम्ही म्हणाल, हिशोब बिघडला, ७ लाखांचं कर्ज १५ किंवा ३० वर गेलं. बिघडला हे खरं आहे. ३० लाखांचा हप्ता जड जात असेल तर ४८ लाखांचा फ्लॅट बघा. त्यासाठी आईची ठेव मोडू नका. ही ८ लाखांची ठेव मोडायचा विचार मला तुमच्या सगळ्या बेतात सर्वांत जास्त खटकला. वय ७१, मोतिबिंदू, गुडघे, दात, नातवाच्या वाढदिवसाला द्यायचं पाकीट, जोतिबाला जायचा खर्च. ज्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे राहतात तिचा घरातला आवाज वेगळा असतो. सगळे पैसे भिंतींत घातल्यावर तिला औषधासाठीसुद्धा मुलाकडे बघावं लागतं. मुलगा कितीही चांगला असू दे, ती मागत नाही, गोळी अर्धी करून घेते. हे मी अंदाजाने लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या सासूबाईंच्या पिशवीत अर्ध्या केलेल्या बीपीच्या गोळ्या मला सापडल्या होत्या, आणि त्या घरात आम्ही दोघंही कमावते होतो.

आता आईच्या पैशाला नाव देण्याचं. आईनं घरात घातलेले पैसे तीन प्रकारचे असू शकतात. तिनं ते तुम्हाला बक्षीस दिले, किंवा उसने दिले, किंवा त्यातून तिनं घराचा हिस्सा विकत घेतला. घरात याबद्दल कुणी बोलत नाही, कारण "आई-मुलात कसला हिशोब". पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं नाव असतं. मुलाला वाटतं आईनं दिले. आईला वाटतं घर आपलं दोघांचं. मुलीला वाटतं आईचे पैसे तिथं आहेत, त्यात आपलंही काही आहे. सुनेला वाटतं हप्ते आम्ही भरतोय म्हणजे घर आमचं. चौघंही प्रामाणिक असतात. आई गेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर हे चार अर्थ एका खोलीत येतात आणि मग माणसं माझ्याकडे येतात.

माझा सल्ला असा, की आईचे पैसे हिस्सा म्हणूनच जाऊ द्यात आणि खरेदीखतात टक्केवारी लिहा. ताईनं वाटा घेतला तर ६० लाखांत आईचे १५, म्हणजे आई २५ टक्के, तुम्ही ७५. ताईनं आईच्या लाभात हक्क सोडला तर आई ५०, तुम्ही ५०. दस्तात "लिहून घेणार (म्हणजे खरेदीदार) क्रमांक १ यांचा अविभक्त हिस्सा इतके टक्के" असं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर काय होतं? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या, म्हणजे १८८२ च्या कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ज्यानं जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा धरतात, आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर सगळ्यांचे हिस्से सारखे. म्हणून पैसे आईच्या खात्यातून थेट बिल्डरच्या खात्यात जाऊ द्यात. आधी तुमच्या खात्यात आणि मग बिल्डरला असं केलंत की त्या पैशाचं नाव पुसलं गेलं.

तुमच्या पत्नीचं नाव लावायला हरकत नाही. पण तिचे पैसे किंवा तिचा हप्ता त्यात असेल तर तिचाही टक्का लिहा. नसेल, तर तुम्ही तुमच्या टक्क्यांतले किती तिला देता ते ठरवून लिहा. नुसतं तिसरं नाव चढवलं की आईचा हिस्सा किती, हाच प्रश्न पुन्हा अंधारात जातो. मुद्रांकात बाईच्या नावावर एक टक्का सवलत मिळते असं कुणी सांगितलं असेल, तर ती सवलत सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तेव्हाची आहे. तुमचं नाव आलं की ती नाही. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. आणि ६० लाखांचा व्यवहार आहे म्हणून एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा कर, तुम्ही किमतीतून कापून भरायचा आहे, तो विसरतात.

"एकट्याच्या नावावर घ्या" असं बँकेतून सांगतात ते त्यांच्या सोयीचं आहे. कर्जाची मुदत सगळ्यांत मोठ्या वयाच्या अर्जदारावर मोजली तर ती फार लहान होते, म्हणून त्यांना आईचं नाव नको असतं. बहुतेक बँकांना जो मालक तो कर्जदार म्हणून सहीला लागतो, पण हप्त्याची क्षमता फक्त तुमच्या पगारावर धरून, आईला केवळ सहअर्जदार घेऊन, तुमच्या निवृत्तीपर्यंतची मुदत देणाऱ्या बँका आहेत. एका शाखेनं नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत जा. आईचं नाव काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. काही मुलं भक्तिभावाने सगळं घर आईच्या एकटीच्या नावावर घेतात आणि पैसे सगळे स्वतःचे घालतात. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात पत्नी किंवा अपत्याच्या नावे घ्यायला सूट आहे. आईवडिलांच्या बाबतीत सूट आहे ती दोघांची नावं दस्तात एकत्र असतील तेव्हा. शिवाय ते परत तुमच्या नावावर आणायला आई हवी, आणि ती सही करायच्या स्थितीत हवी. आईनं मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. मुलानं आईला दिलं तर तीन टक्के. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. त्यामुळे "आत्ता माझ्या एकट्याच्या नावावर घेऊ, आईचं नंतर बघू" हे म्हणायला सोपं आणि करायला महाग आहे.

कराचाही धागा इथेच आहे. जुनं घर विकून जो नफा होतो त्यावरचा कर वाचवायचा असेल तर विकणाऱ्यानं विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घ्यायचं असतं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. विकणारी आई आणि घेणारा मुलगा एकटा, असं झालं तर आईची सूट धोक्यात येते. तिचं नाव आणि तिचा पैसा दोन्ही नव्या दस्तात हवेत. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून घ्या, नफ्याचा आकडा बराच खाली येतो. ताई रोख वाटा घेणार असतील तर त्यांच्या वाट्याचा कर त्यांचा, हे त्यांना आधी सांगा. आणि या सवलतीचा लाभ घेऊन घेतलेलं घर तीन वर्षं विकू नका.

आता माणसं जातात त्याबद्दल, आणि हे मी सावकाश लिहिते.

दोघांच्या नावावर घर आहे म्हणून एक गेल्यावर दुसऱ्याचं आपोआप होतं, असं आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. आई गेल्यावर आईचा हिस्सा तुम्ही आणि ताई यांच्यात सारखा वाटला जातो. आणि तुम्ही आईच्या आधी गेलात, देव न करो, तर तुमचा हिस्सा पत्नी, मुलं आणि आई यांच्यात सारखा. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. एका घरात ३९ वर्षांचा मुलगा अपघातात गेला, तेव्हा आई ६८ ची, सून ३५ ची, नातू ९ वर्षांचा, आणि डोक्यावर २२ लाखांचं कर्ज. दोघी बायका एकमेकींना धरून होत्या, भांडण काही नव्हतं. तरी घर विकून लहान घर घ्यायला त्यांना दीड वर्ष लागलं, कारण कागद तयार नव्हते. विमा काढलेला असता तर घर विकायचीच वेळ आली नसती.

म्हणून तीन गोष्टी खरेदीच्याच महिन्यात करा. कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा तुमच्या जिवावर. तुमचं मृत्युपत्र, ज्यात आईला तुमच्या हिश्शात हयातीपर्यंत राहण्याचा आणि वापरण्याचा हक्क, आणि तिच्यानंतर पत्नी-मुलांना पूर्ण मालकी. आणि आईचं मृत्युपत्र. आईच्या मृत्युपत्रात काय असावं हे तुम्ही सांगायचं नाही. ताईला किती, तुम्हाला किती, हे तिनं ठरवायचं. तुम्ही तिला वकिलाकडे सोडा आणि खाली गाडीत थांबा. मी स्वतः मुलाला खोलीबाहेर पाठवते. एकदा एक आजी मुलगा बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "बाळ, पोरगा चांगलाय माझा. पण पोरीच्या लग्नात सोनं कमी घातलंतं, तेवढं भरून काढायचंय. त्येच्यासमोर कसं बोलू?" मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी करा. वय ७१ असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा दाखला जोडा. सोसायटीत वारसदार म्हणून नामनिर्देशन केलं तर तो मनुष्य मालक होत नाही, खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

याच्या शेजारी आणखी एक कागद आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही. आईला विस्मरण सुरू झालं तर तिची सही कोण करणार? आईकडून मुखत्यारपत्र घेऊन ठेवलंय म्हणून मुलं निश्चिंत असतात. साधं मुखत्यारपत्र आई भानावर असेपर्यंतच चालतं. तिची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं, आणि मग तिच्या हिश्शाचं काहीही करायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. यावर पक्का इलाज नाही. पण ती ठणठणीत असताना मृत्युपत्र, बँक खात्यावर दुसरं नाव, विम्याची आणि ठेवीची नामनिर्देशनं, एवढं करून घेतलं तर निम्म्याहून अधिक अडचण टळते.

बक्षीसपत्राचं पण सांगते, कारण पुढच्या दोन-चार वर्षांत कुणीतरी आईला सुचवेलच, "आता दोनशे रुपयांत होतंय, मुलाला करून टाका." आईनं तिच्या हयातीत हिस्सा बक्षीस देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे. मुलाचं आयुष्य फक्त मुलाच्या हातात नसतं. बदली, धंद्यातलं नुकसान, जामीनकी, घटस्फोट, आजार. द्यायचंच असेल तर मृत्युपत्रानं द्यावं, ते कधीही बदलता येतं. तरीही बक्षीसपत्र करायची वेळ आलीच, तर "आईचा सांभाळ करणे, तिला हयातीपर्यंत या घरात राहू देणे" ही अट दस्तातच लिहा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशा अटीवरच उभं आहे. सांभाळ केला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते बक्षीस रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र न्यायालयानं रद्द केलं. तिथे मुलानं सांभाळाचं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं, आणि तो कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं वाचावा असं न्यायालय म्हणालं. शाहूपुरीतल्या ज्या काकूंनी दहा वर्षांपूर्वी बिनअटीचं बक्षीसपत्र करून दिलं आणि नंतर माझ्याकडे आल्या, त्यांच्याकडे असं एकही कागदाचं चिटोरं नव्हतं. त्यांच्याकडे फक्त मुलाचा शब्द होता, आणि मुलगा पुण्याला गेला होता.

सुनेच्या बाजूनेही एक वाक्य. सासूच्या हिश्शाचं घर असलं तरी सून तिथं नांदत असेल तर तिचा राहण्याचा हक्क कायदा ओळखतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा "माझं नाव नाही म्हणजे मला कधीही बाहेर काढतील" ही भीती पत्नीच्या मनात असेल तर तिला हे सांगा. तिची भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळालं पाहिजे, कारण रोजचा सांभाळ बहुतेक घरांत तिच्याच अंगावर येणार असतो.

कागदांचं पुष्कळ झालं. आता घराबद्दल, कारण दस्त कितीही चोख असला तरी आई राहणार आहे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये.

फ्लॅट बघायला जाताना खिशात टेप ठेवा. बाथरूमचं दार मोजा. आपल्याकडे ते सर्रास अडीच फूट किंवा त्याहून कमी असतं. वॉकर किंवा चाकाची खुर्ची जायची तर तीन फूट मोकळे हवेत. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून मागा, कारण आत पडलेलं माणूस दाराला अडतं आणि दार उघडता येत नाही. मग उंबरा बघा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून ग्रॅनाइटची जी एक-दीड इंचाची पट्टी बसवतात, तिच्याजवळ आईला चप्पल काढून दोन वेळा आत-बाहेर जाऊ द्यात आणि तुम्ही फक्त तिच्या पायांकडे बघा. एका घराच्या भेटीला मी सहज गेले होते. आजींनी उजवा पाय उचलला, डाव्या हातानं दाराची चौकट धरली, आणि डाव्या पायाची बोटं पट्टीला घासत आत गेली. मुलगा तेव्हा हॉलमध्ये फॉल्स सीलिंगबद्दल बोलत होता. ती पट्टी काढून आतली फरशी अर्धा इंच उतारावर घ्यायला गवंड्याला एक दिवस लागतो. ताबा घ्यायच्या आधी सांगितलंत तर बिल्डरच करून देतो. कमोडशेजारी आणि शॉवरखाली पकडायला दांडे लावायचे असतील तर प्लंबिंगच्या वेळीच भिंतीत जागा ठरवा, नुसत्या टाइलवर स्क्रूने बसवलेला दांडा वजन आलं की निघून येतो.

लिफ्ट असेल तर तिच्यात स्ट्रेचर जातं का ते बघा, निदान खुर्चीवर बसलेलं माणूस आणि धरणारे दोघं मावतात का. लिफ्ट जोत्यापासून सुरू होत असेल आणि जोत्याला तीन-चार पायऱ्या असतील तर लिफ्टचा उपयोग अर्धाच. दीड फूट जोत्याला सोयीचा उतार १८ फूट लांब लागतो, तेवढी जागा पार्किंगमध्ये आहे का हे आत्ताच बघायचं.

आर. के. नगर उंचावर आहे, पुराच्या दृष्टीने बरं. पण बजेट किंवा आईच्या सवयीसाठी तुम्ही नदीच्या बाजूला, नागाळा पार्क किंवा रमणमळ्याकडे वळलात, तर एवढं लक्षात घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. "आमच्या फ्लॅटमध्ये पाणी आलं नाही" हे उत्तर पुरेसं नाही. पार्किंगमध्ये किती आलं, लिफ्टच्या खड्ड्यात गेलं का, वीज किती दिवस बंद होती, हे वॉचमनला विचारा. चौथ्या मजल्यावर कोरड्या घरात ७१ वर्षांचं माणूस लिफ्टशिवाय, पाण्याशिवाय चार दिवस अडकलं तर ते पुरात अडकल्यासारखंच आहे.

आणि पेठ सुटते आहे, ते हलकं समजू नका. मंगळवार पेठेत आई दारात उभी राहिली की तीन माणसं बोलतात. भाजीवाली नावानं हाक मारते, अंबाबाईला चालत जाता येतं, भजनाच्या बायका बोलवायला येतात. उपनगरातल्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं नऊ वाजता बाहेर पडल्यावर संध्याकाळपर्यंत तिच्याशी कोण बोलणार? शक्य असेल तर खरेदीच्या आधी त्याच भागात दोन महिने भाड्याने राहून बघा. आईला पेठेतल्या भजनाला आठवड्यातून दोनदा केएमटीने किंवा रिक्षाने जाता येतं का, हे प्रत्यक्ष करून बघा. माझ्या एका अशिलानं आईच्या आग्रहाखातर उपनगरातला मोठा फ्लॅट सोडून राजारामपुरीत जुना, लहान, पण पहिल्या मजल्यावरचा घेतला. त्याची बायको सुरुवातीला नाराज होती, कारण कपाटं मावत नव्हती. आता सासूबाई सकाळी खाली उतरून स्वतः कोथिंबीर घेऊन येतात, आणि ते बघून तिचीच नाराजी गेली, हे तिनंच मला सांगितलं.

दस्ताच्या दिवसाची एक बारीक गोष्ट. दुय्यम निबंधकांकडे अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतात. आयुष्यभर भाकरी थापलेल्या, भांडी घासलेल्या हातांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात, ठसा उमटत नाही. आई घाबरते, तिला वाटतं आपल्यामुळे अडलं. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून ठेवा, सकाळी कोमट पाण्याने धुवा, आणि आधारमधले ठसे महिनाभर आधी अद्ययावत करून घ्या. सकाळची पहिली वेळ घ्या, बसायला खुर्ची मिळेल असं बघा, आणि दस्त तिला मराठीत वाचून दाखवा, तिच्या हिश्शाचं वाक्य दोनदा.

तेव्हा उद्या सकाळी सिटी सर्व्हे ऑफिसातून पेठेतल्या घराचं ताजं प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तिघांची वारसनोंद लावा. मग रविवारी इचलकरंजीला जा, ताईशी बोला, तिचा निर्णय तिच्या तोंडून ऐका. त्यानंतर पेठेतल्या घराचं संचकारपत्र, म्हणजे विसार घेऊन करायचा विक्रीचा करार. नव्या फ्लॅटसाठी नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे त्यालाही माहीत असतं. आणि ताईशी बोलणं होईपर्यंत तेवढं टोकनसुद्धा देऊ नका.